रिमोटच्या विमानांचा हिशेब: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या खर्चाबद्दल ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून इथे उत्तरं देत आहोत. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे रुपयांचे आकडे अंदाजाचे धरावेत. वजनं, व्होल्टेज आणि मापं मात्र तंतोतंत पाळावीत.

प्रश्न: मुलगा अकरावीत आहे. त्याला विमान उडवायचं वेड लागलंय. ऑनलाइन अडीच हजारांतही विमान दिसतं आणि एका दुकानदाराने पंचवीस हजारांचं, खोक्यातून काढून थेट उडवायचं विमान सुचवलंय. नक्की किती पैसे घालावेत?
*– एक पालक, कोपरी, ठाणे पूर्व*

दोन्ही सध्या बाजूला ठेवा. अडीच हजारांच्या विमानाला बहुतेकदा पंखांवर दोन चिमुकल्या मोटारी असतात आणि त्यांचा वेग कमी-जास्त करून ते वळतं. नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर त्याला नसतो. ते उडवता आलं म्हणून पुढचं विमान उडवता येत नाही, आणि जरा वारा सुटला की ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसतं. पंचवीस हजारांचं विमान चांगलं असेलही, पण शिकताना विमान आपटणार हे गृहीतच धरायचं असतं. जे आपटणार आहे त्यात सगळ्यात कमी पैसा घाला आणि जे आपल्या हातात, जमिनीवर राहणार आहे त्यात सगळ्यात जास्त. या छंदाचा सगळा अर्थसंकल्प या एका गोष्टीवर उभा आहे.

घरी बांधलेल्या चार चॅनेलच्या (चॅनेल म्हणजे रिमोटवरून स्वतंत्रपणे देता येणारी एक आज्ञा) शिकाऊ विमानाचा हिशेब असा. सहा चॅनेलचा, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, विमानात बसणाऱ्या रिसीव्हरसह, पाच हजार. प्रत्येक सेल वेगळा मोजून समान भरणारा बॅलन्स चार्जर दोन हजार. तीन सेलच्या, २२०० एमएएचच्या दोन लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या प्रत्येकी अठराशे, म्हणजे छत्तीसशे. २२१२ आकाराची ब्रशलेस मोटर सहाशे, ३० अँपिअरचा ईएससी म्हणजे मोटरचा वेग नियंत्रक सहाशे, पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्वो पाचशे. पाच प्रॉपेलर चारशे (एकच घेऊ नका, पहिल्या दिवशीच दोन मोडतात). फोमच्या तीन शीट साडेचारशे. तारा, पट्टीला तार जोडायचे हॉर्न, बॅटरीचा एक्सटी-६० कनेक्टर, हॉट ग्लू, वेल्क्रो, फायबरची टेप सातशे. बॅटरीचा सेल तपासायचा छोटा मीटर दीडशे, आगरोधक पिशवी अडीचशे. बेरीज १४,२५० रुपये.

आता यातले सात हजार, म्हणजे जवळपास निम्मे, रिमोट आणि चार्जरमध्ये आहेत, आणि ते पुढची आठ-दहा वर्षं सहज चालतात. ज्याला आपण ‘विमान’ म्हणतो ते फोम आणि सुटं सामान मिळून साडेअकराशेचं आहे. ते जमिनीत घुसलं तर मोटर, ईएससी, सर्वो आणि रिसीव्हर काढून नव्या फोमवर चढवायचे. म्हणून दुसरं विमान दीड हजाराच्या आत होतं.

फोम निवडताना एक चूक फार वेळा होते. नौपाड्यात किंवा वाशीत साइनबोर्डवाल्याकडे ‘सनबोर्ड’ मागितला की पीव्हीसीची शीट मिळते. तीन मिलिमीटरच्या त्या शीटचं वजन चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास असतं. एक मीटर पंखांच्या विमानाला साधारण पाऊण चौरस मीटर शीट लागते, म्हणजे नुसता सांगाडाच किलोभर. तो उडत नाही, आणि उडालाच तर इतक्या वेगात उतरतो की शिकणाऱ्याला सावरता येत नाही. सहा मिलिमीटरचा डेप्रॉन नावाचा हलका फोम चौरस मीटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात येतो. दोन्ही बाजूंना कागद असलेला पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड चारशे ते सहाशे ग्रॅम भरतो आणि एका बाजूचा कागद सोलून आणखी हलका करता येतो. दुकानात जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेऊन जा आणि शीट घेण्याआधी तिथेच मोजा. बॅटरीसह पूर्ण विमान ७०० ते ८५० ग्रॅममध्ये बसलं पाहिजे. डेप्रॉनवर फेव्हिक्विक चालत नाही, ते फोम विरघळवतं. हॉट ग्लू किंवा फोमसाठीचा गोंद वापरा.

मोटर घेताना तिच्या केव्हीचा आकडा बघा. एका व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला किती फेरे हे तो आकडा सांगतो. १००० केव्हीला तीन सेलवर १० बाय ४.५ चा प्रॉपेलर (व्यास १० इंच, एका फेरीत पुढे सरकण्याचं माप ४.५ इंच), १४०० केव्हीला ८ बाय ४, २२०० केव्हीला ६ बाय ४. दुकानात २२०० केव्हीची मोटर ‘जास्त पॉवरफुल’ म्हणून गळ्यात मारतात, घरी तिच्यावर दहा इंची प्रॉपेलर चढतो, करंट क्षमतेच्या बाहेर जातो आणि मिनिटाभरात वेटोळ्यांवरचं एनॅमल जळल्याचा वास येतो. बाराशे रुपये तिथेच संपतात, कारण सोबत ईएससीही जातो. शिकणाऱ्यासाठी १००० किंवा १४०० केव्हीच घ्या.

प्रश्न: रिमोट जुना, स्वस्त घेतला तर चालेल का? तिथेच तीन हजार वाचतील.
*– वाचक, कळवा*

तिथे वाचवू नका. किमान सहा चॅनेल, २.४ गिगाहर्ट्झ, पडदा असलेला आणि दहा-वीस विमानांच्या सेटिंग साठवणारा रिमोट घ्या. फ्लायस्काय एफएस-आय६ आणि त्यासोबतचा आयए६बी रिसीव्हर ही आपल्याकडची रुळलेली जोडी आहे. दोन-तीन हजार जास्त घालता आले तर एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ पद्धतीवर चालणारा, यूएसबीची तार लावून संगणकाला जोडता येणारा रेडिओमास्टरचा रिमोट घ्या. त्याचे रिसीव्हर स्वस्त असतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या विमानापर्यंत वरचे पैसे वसूल होतात. मात्र २.४ गिगाहर्ट्झचाच घ्या. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी ९१५ मेगाहर्ट्झची आवृत्ती भारतात परवानामुक्त नाही, तो पट्टा इथे मोबाइल सेवेकडे आहे.

रिमोट आधी घ्या, विमान नंतर. मधला महिनाभर पिकासिमसारख्या मोफत सिम्युलेटरवर सराव करा. एफएस-आय६ ला त्यासाठी तीनशे-चारशे रुपयांची तार लागते. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि नवशिक्यांची बहुतेक विमानं नेमकी त्याच क्षणी पडतात. सिम्युलेटरवर समोरून येणारं विमान दहा वेळा ओळीने न पाडता उतरवता आलं की मगच मैदानात जा.

प्रश्न: माझी दोन हजारांची लायपो बॅटरी तीन महिन्यांत फुगली. उड्डाणं जेमतेम वीस झाली असतील. विक्रेता वॉरंटी नाही म्हणतो. बॅटरीच वाईट होती का?
*– वाचक, ऐरोली सेक्टर ८*

बॅटरी वाईट असू शकते, पण आमचा संशय सांभाळण्यावर आहे. लायपोच्या एका सेलचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ असतं, तीन सेलचं १२.६. या अवस्थेत ती आठवडाभर कपाटात पडली की आतली रसायनं बिघडतात, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. आपल्याकडे हे हटकून होतं, कारण शनिवारी रात्री बॅटऱ्या भरायच्या, रविवारी पाऊस किंवा पाहुणे, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत त्या तशाच. दोन-तीन दिवसांत उडवणार नसाल तर चार्जरवर ‘स्टोरेज’ निवडा आणि सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. तीन सेलला ते ११.४ ते ११.५५ होतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅटरी कधीच ठेवू नका. उकाडा आणि पूर्ण चार्ज ही जोडी सगळ्यात घातक.

दुसरं कारण म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत उडवणं. क्षमतेच्या ८० टक्केच वापरायची. गणित सोपं आहे: २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, त्याचे ८० टक्के १.७६. उडताना सरासरी १२ अँपिअर ओढले जात असतील तर १.७६ भागिले १२, गुणिले ६०, म्हणजे पावणेनऊ मिनिटं. रिमोटवर टायमर सात मिनिटांचा लावा, म्हणजे उतरताना एकदा चुकलं तरी परत फिरायला वेळ राहतो. उतरल्यावर दहा मिनिटांनी मोजलं तर प्रत्येक सेल ३.७ च्या आसपास हवा. ३.५ च्या खाली दिसला तर पुढच्या वेळी टायमर एका मिनिटाने कमी करा.

चार्ज करताना करंट क्षमतेइतकाच, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, आणि कायम बॅलन्सची छोटी तार जोडून. तिच्याशिवाय भरलं तर एक सेल ४.३ वर जातो आणि दुसरा ४.१ वर राहतो. चार्जरवर बेरीज बरोबर दिसते, पण पहिला सेल मरत असतो.

पैशांत बोलायचं तर अठराशेची बॅटरी दीडशे उड्डाणं चालली तर उड्डाणामागे बारा रुपये पडतात. वीस उड्डाणांत गेली तर नव्वद. या छंदात सगळ्यात मोठी गळती इथेच असते, आणि ती दिसत नाही, कारण बॅटरी आपटून मोडत नाही, कपाटात मरते.

फुगलेली बॅटरी आता उडवू नका आणि चार्जही करू नका. गाडीचा १२ व्होल्टचा, २१ वॅटचा दिवा तिला जोडून मोकळ्या जागी, वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून शून्यापर्यंत उतरवा. दिवा विझल्यावरही काही तास जोडलेला राहू द्या आणि मग ई-कचऱ्यात द्या. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला सर्रास मिळतो, पण पाण्याने बाहेरची टोकं आधी गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच उरू शकतो. चांगली बॅटरीसुद्धा भरताना फरशीवर ठेवा. सोफा, गादी, लाकडी कपाट नको, आणि घरात कुणी जागं असतानाच भरा.

प्रश्न: तीन विमानं बांधली, तिन्ही पहिल्या पाच-दहा सेकंदांत गेली. वर जातं, उलटं होतं, पडतं. मोटर बदलली, मोठी घेतली. आता घरचे पैसे देत नाहीत.
*– विद्यार्थी, मानपाडा, ठाणे*

मोटर पुरेशी होती. तुम्ही सांगता ते लक्षण जवळजवळ नेहमीच मागे भारी विमानाचं असतं, आणि ते तपासायला एक रुपयाही लागत नाही. पंखाची रुंदी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) २०० मिलिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ५० मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या २५ टक्क्यांवर, पंखाखाली दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. बॅटरी जागेवर लावून त्या खुणांवर दोन बोटांनी विमान उचला. ते आडवं किंवा नाक किंचित खाली राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. तरीही जमलं नाही तर नाकात वजन घाला. ५५-६० मिलिमीटरपर्यंत चालतं, त्यापुढे विमान हातात राहत नाही. नाक जड असलं तर विमान आळशी उडतं पण उतरतं. शेपूट जड असलं तर नाक वर काढतं, वेग हरवतं आणि एका पंखावर कोसळतं. मोठी मोटर घातल्यावर ते आणखी वेगाने वर जाऊन आणखी उंचावरून पडलं असणार.

दुसरी तपासणी पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या उलट्या चालतात का याची. विमानाच्या मागे उभे राहा, शेपूट तुमच्याकडे. रिमोटची एलेरॉनची काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) वर आणि डावा खाली गेला पाहिजे. काठी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडरची काठी उजवीकडे नेली की रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवीकडे. समोर उभं राहून बघितलं तर फसायला होतं. उलटं असेल तर रिमोटच्या मेनूत ‘रिव्हर्स’ करा. सर्वोची तार तोडून फिरवायला जाऊ नका.

पट्ट्यांची हालचालही मोजा. शिकताना एलेव्हेटर मधल्या जागेपासून वर १० आणि खाली १० मिलिमीटर पुरतो. सर्वोच्या हाताचं बाहेरचं भोक आणि हॉर्नचं आतलं भोक वापरलं तर पट्टी तीस मिलिमीटर हलते आणि काठीला बोट लागताच विमान गोता खातं. उलट करा: सर्वोकडे आतलं, हॉर्नकडे बाहेरचं. शिवाय रिमोटवर ३० टक्के एक्स्पोनेन्शियल द्या, म्हणजे काठी मधल्या जागेजवळ असताना पट्टी कमी हलते.

मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. प्रॉपेलरची आकडे छापलेली बाजू विमान ज्या दिशेने जातं तिकडे, पुढे हवी. उलटा बसवलेला प्रॉपेलरही थोडा जोर देतो, म्हणून ही चूक जमिनीवर कळत नाही आणि विमान सोडल्यावर कळते.

आणखी एक गोष्ट बघा, कारण नवी मोटर आणि जास्त सर्वो लावले की हा दोष डोकं वर काढतो. ३० अँपिअरच्या स्वस्त ईएससीतच रिसीव्हर आणि सर्वोंना पाच व्होल्ट देणारं सर्किट असतं आणि ते साधारण दोन अँपिअरचं असतं. एखादा सर्वो तारेच्या घर्षणाने अडला की एकटाच पाऊण अँपिअर ओढतो. सर्किट तापतं, व्होल्टेज पडतं, रिसीव्हर क्षणभर बंद होतो आणि विमान ऐकत नाही. लोक याला ‘सिग्नल गेला’ म्हणतात आणि नवा रिमोट घेतात. पट्ट्या हाताने हलवून बघा, कुठेही अडता कामा नये. पाच-सहा सर्वो असतील तर पाच व्होल्ट देणारा, अडीचशे-तीनशे रुपयांचा वेगळा तीन अँपिअरचा यूबीईसी लावा आणि ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या तीन तारांतली मधली लाल तार काढून इन्सुलेशन टेपने झाका.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद होण्याची सोय, सेट करा आणि तपासा: प्रॉपेलर काढून ठेवा, मोटर हळू फिरवा आणि रिमोट बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. थांबली नाही तर ते विमान उडवायचं नाही. चौथं विमान सकाळी आठच्या आत, वाऱ्याकडे तोंड करून, दुसऱ्याच्या हातून सरळ किंवा अगदी किंचित नाक वर ठेवून सोडा. वर भिरकावू नका. दुपारनंतर खाडीकडून येणारा वारा शिकणाऱ्याचा नाही.

प्रश्न: खारघरच्या सेंट्रल पार्कजवळ उडवत होतो, सुरक्षारक्षकाने थांबवलं. आठशे ग्रॅमच्या फोमच्या विमानाला परवाना कसला? आणि मग उडवायचं कुठे?
*– दोन मित्र, खारघर*

रक्षकाने योग्य केलं. २५ ऑगस्ट २०२१ ला लागू झालेल्या ड्रोन नियमांत रिमोटची विमानंही येतात. २५ किलोपर्यंतचं, फक्त शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान ‘मॉडेल’ गटात मोडतं आणि त्याला प्रकार प्रमाणपत्र (त्या मॉडेलच्या रचनेला सरकारी मान्यता) लागत नाही. दोन किलोपर्यंतचं विमान व्यवसायासाठी नसेल तर पायलटचा परवानाही लागत नाही. पण ओळख क्रमांकाची नोंदणी आणि २५० ग्रॅमच्या वर तिसऱ्या पक्षाचा विमा या गोष्टी नियमांत आहेत. या दोन्हींचा खर्च सुरुवातीच्या हिशेबात धरा.

तुमचा खरा अडसर विमानतळ आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही, आठ ते बारा किलोमीटरमध्ये ६० मीटरपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. उलवे, पनवेल, कामोठे, बेलापूर, खारघर हे सगळं त्या आठ किलोमीटरच्या वर्तुळात येतं, आणि विमान २५० ग्रॅमच्या आतलं असलं तरी ही अट सुटत नाही. ठाण्याला विमानतळाचा अडसर कमी आहे, पण येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथे हवाई दलाचं ठाणं आहे. खाडीकाठी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. यातली कुठलीच जागा उडवायची नाही. शिवाय पोलीस आयुक्तालयांचे मनाई आदेश निघत असतात आणि त्यांत ड्रोनसोबत रिमोटच्या छोट्या विमानांचाही उल्लेख असतो. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा आणि चालू आदेश दोन्ही बघा.

व्यवहार्य जागा म्हणजे मुरबाड, शहापूर, बदलापूरकडची भातकापणीनंतरची शेतं, नोव्हेंबर ते मे. शेतमालकाला आधी विचारा, बांध तुडवू नका, तुटलेला प्रॉपेलर आणि टेपचे तुकडे उचलून आणा, कारण ते बैलाच्या पायात किंवा चाऱ्यात जातात. कळवा आणि पडघे इथल्या ४०० केव्ही (इथे किलोव्होल्ट) वीज उपकेंद्रांच्या वाहिन्या या बाजूला सगळीकडे पसरल्या आहेत. मनोऱ्यापासून दोन-तीनशे मीटर लांबची जागा बघा, आणि विमान तारेवर अडकलं तर ते सोडून द्या. काठीने काढायला जाऊ नका.

एक खर्च कुणीच धरत नाही. ठाण्याहून मुरबाडकडे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देत असेल तर पेट्रोल सातशेच्या घरात. महिन्यातून तीनदा गेलात तर दरमहा बॅटरीहून जास्त पैसे रस्त्यावर जातात. चौघांनी एक गाडी करा आणि प्रत्येकी किमान तीन बॅटऱ्या न्या. एकाच बॅटरीसाठी एवढ्या लांब जाणं हे या छंदातलं सगळ्यात महाग उड्डाण आहे.

प्रश्न: आम्ही चौघं, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रत्येकी दहा हजार काढून तेजससारखं जेट करायचं आहे. चाळीस हजारांत होईल का?
*– नेरुळ*

इलेक्ट्रिक डक्टेड फॅनवर (नळीत बसवलेला, मोटरवर फिरणारा पंखा) होईल, पण आत्ता करू नका. ७० मिलिमीटरचा फॅन चार सेलवर पूर्ण थ्रॉटलला पन्नास-साठ अँपिअर ओढतो. ३३०० एमएएचच्या बॅटरीतले ८० टक्के म्हणजे २.६४ अँपिअर-तास. सरासरी ४० अँपिअर धरले तर चार मिनिटं. त्यात उतरण्याची तयारी धरली तर उडवायला तीनच. त्याला गुळगुळीत धावपट्टी लागते, आणि शेतात ती नसते. त्रिकोणी पंखांचं विमान कमी वेगात भराभर उंची गमावतं. चौघांपैकी कुणीही आधी उडवलेलं नसेल तर चाळीस हजार पहिल्याच सकाळी जातील.

त्याऐवजी एकाच प्रकारचे दोन रिमोट घ्या आणि ‘ट्रेनर’ पद्धतीने जोडा. शिकवणाऱ्याच्या हातात एक बटण असतं, विमान बिघडायला लागलं की तो ते आपल्या हातात घेतो. एक चांगला चार्जर, चार बॅटऱ्या, दोन शिकाऊ विमानं आणि नंतर पुढे एलेरॉनचं एक खालच्या पंखांचं विमान, असं मिळून तीस हजारांत बसतं. उरलेले दहा हजार वर्षभरानंतरच्या जेटसाठी ठेवा. खऱ्या टर्बाइन इंजिनाचं विमान हा लाखांचा विषय आहे, त्यात इंजिनच काही लाखांचं असतं.

प्रश्न: ओळखीतले एक गृहस्थ .४६ घनइंचाच्या ग्लो इंजिनासह (मेथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर, जुना रिमोट आणि सामान बारा हजारांत देतायत. घ्यावं का?
*– वर्तकनगर, ठाणे*

रिमोट एफएम, लांब अँटेनाचा असेल तर त्याची किंमत शून्य धरा. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांचीही शून्य. मग उरतं इंजिन आणि सांगाडा. इंजिनाचा प्रॉपेलर बोटाने हळू फिरवा. वरच्या बिंदूला ठाम अडथळा लागला पाहिजे. कुरकुर जाणवली तर बेअरिंग गंजलं आहे. मेथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या दमट हवेत तेल न घालता ठेवलेलं ग्लो इंजिन आतून गंजतंच. जड फिरत असेल तर ते इंधनातलं एरंडेल तेल गोठलेलं असतं, हेअर ड्रायरने तापवलं की सुटतं, त्याला घाबरू नका. पंख सपाट टेबलावर ठेवा आणि पीळ आहे का बघा. पावसाळा काढलेला बाल्सा पिळतो. इस्त्रीने फिल्म ताणून किरकोळ पीळ निघतो, मोठा निघत नाही.

इंधन म्हणजे मेथेनॉल, त्यात अठरा-वीस टक्के तेल. मेथेनॉल विषारी आहे, त्याच्या विक्रीवर बंधनं आहेत, आणि फ्लॅटमध्ये मुलांच्या हाताशी ठेवायची ती वस्तू नाही. शिकणारे असाल तर घेऊ नका. उडवता येत असेल आणि इंजिन चांगलं निघालं तर सहा-सात हजारांपर्यंत ठीक आहे.

प्रश्न: परदेशातून पूर्ण किट मागवलं तर स्वस्त पडेल का?
*– घणसोली*

बहुतेकदा नाही. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून मनाई आहे, सुटे भाग खुले आहेत. मॉडेल विमानाचं खोकं कस्टम्समध्ये कुठल्या वर्गात टाकलं जाईल यावर ते सुटणार की अडकणार हे ठरतं, आणि अडकलं तर पैसे महिनोन्महिने अडकतात. मोटर, सर्वो, ईएससी लॅमिंग्टन रोडला किंवा भारतातल्या ऑनलाइन दुकानांत मिळतात. बॅटरी तर परदेशातून मागवूच नका, विमान कंपन्या ती सहजासहजी घेत नाहीत.

प्रश्न: यजमानांनी चार वर्षांत या विमानांवर साधारण दीड लाख घातले. आता जागा कमी पडते, काही विकायचं म्हणतात. हौसेला मोल नसतं हे मान्य, तरी किती परत येतील?
*– वाशी*

सामानाचे चार ढीग करा. पहिला रिमोट, चार्जर, सिम्युलेटरची तार: खोकं आणि बिल असेल तर घेतलेल्या किमतीच्या निम्मे, कधी त्याहून थोडे जास्त मिळतात. दुसरा मोटर, ईएससी, सर्वो, रिसीव्हर: सुटे विकले तर तिसरा हिस्सा. अपघात झालेल्या विमानातला रिसीव्हर विकू नका, दुसऱ्याचं विमान पडेल. तिसरा बांधलेली विमानं: उडत असली तरी सांगाड्याला जवळपास काही नाही, कारण घेणाऱ्याला ती न्यायची कशी हाच प्रश्न असतो. मोटर-सर्वोसह ‘रिसीव्हर लावा आणि उडवा’ अशी विकली तर जातात. चौथा बॅटऱ्या: एक वर्षाच्या आतल्या, न फुगलेल्या, सेलमधला फरक ०.०३ व्होल्टच्या आत असलेल्या तेवढ्याच विका आणि तेही स्टोरेज व्होल्टेजवर. बाकीच्या ई-कचऱ्यात.

हे करताना प्रत्येक वस्तूवर खरेदीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा आणि रिमोटच्या मेमरीतल्या विमानांची नावं कागदावर उतरवून ठेवा. रिमोट एका माणसाला आणि त्याच्याशी बाइंड केलेलं (त्याच रिमोटशी जोडी लावलेलं) विमान दुसऱ्याला गेलं तर रिसीव्हर नव्याने बाइंड करावा लागतो आणि फेलसेफही पुन्हा सेट करावा लागतो, हे घेणाऱ्याला लिहून द्या. एक रिमोट, चार्जर आणि एक शिकाऊ विमान मात्र विकू नका. पुन्हा उडवावंसं वाटलं तर तेवढ्यावर सुरुवात होते.